घरचे खाऊन किती दिवस?

आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकावर काही वर्षांपूर्वीपर्यंत एक ओळ ठळक टायपात छापलेली असे : ‘आपण दिलेल्या देणगीतील एकही रुपया पगारावर खर्च होत नाही.’ ती ओळ मीच लिहिलेली होती आणि तिचा मला अभिमानही वाटत असे. सांगली जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थेचा मी कोषाध्यक्ष आहे. कुटुंब सल्ला केंद्र, अडचणीतल्या स्त्रियांसाठी तात्पुरता निवारा आणि वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका असे आमचे काम आहे, आणि त्या कामावर सात माणसे पगारी आहेत. दिवाळीच्या आधी देणगीची पत्रे पाठवायची असतात, तेव्हा ती घड्या घालून पाकिटांत भरायला सगळेच बसतात. अशाच एका संध्याकाळी आमच्या समुपदेशक ताई सतरंजीवर बसून काम करत होत्या, अंगठ्याच्या नखाने घडी दाबून एकेक पत्रक बाजूला सारत होत्या, आणि मध्येच थांबून त्यांनी ती ओळ वाचली. “सर, कोणी विचारलं की मग तुमचा पगार कुठून होतो, तर काय सांगायचं?” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते, कारण दुसऱ्या दिवशी तीच पत्रके घेऊन त्या बाजारपेठेत फिरणार होत्या. मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकलेला होता, कारण शासकीय योजनेचे अनुदान आलेले नव्हते आणि ठेवीच्या व्याजातून आम्ही निवाऱ्याचे किराणा बिल भागवले होते.

तेव्हापासून या प्रश्नावर मी जे वाचले, पाहिले आणि विश्वस्तांच्या बैठकांत वाद घालून तपासून घेतले, त्यातून माझे मत असे झाले आहे की, आपल्या समाजात दातृत्व कमी नाही, पण ते दातृत्व सेवा करणाऱ्या माणसाला ओलांडून पलीकडे जाते. गरजूच्या ताटात पडलेला घास आपल्याला दिसतो, आणि तो घास वाढणारा हात मात्र आपल्या हिशेबात ‘खर्च’ म्हणून येतो. सामाजिक संस्थांतल्या कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य ढासळण्याचे एक मोठे कारण आपल्या दानाच्या या घडणीत आहे, आणि ते बदलणे जितके संस्थांच्या हाती आहे तितकेच देणाऱ्यांच्याही हाती आहे.

दातृत्व कमी नाही, हे मी बरे दिसावे म्हणून म्हणत नाही. गरीब घरच्या विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालण्याची आणि माधुकरीची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि त्या जेवणावर शिकलेली माणसे महाराष्ट्रात सर्वत्र सापडतील. ती रीत जातीच्या चौकटीतली होती, हे विसरून चालणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, तेव्हा त्या चौकटीबाहेरचे दान उभे राहिले. घरोघरच्या मूठमूठ धान्यातून संस्थेचा मुठी फंड जमत असे. आजही वाढदिवसाला निवाऱ्यात जेवण द्यायला येणारी कुटुंबे आहेत, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून वह्या वाटणारी मंडळे आहेत, २ ते ८ ऑक्टोबरच्या दानोत्सवात आवर्जून काही देणारी तरुण मुले आहेत, आणि पितृपक्षात नाव न सांगता तांदळाचे पोते दारात ठेवून जाणारी माणसेही आमच्या गावात आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे दातृत्व आम्ही अगदी जवळून पाहिले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी उतरायच्या आतच राज्याच्या कानाकोपऱ्यातून ट्रक येऊ लागले. पिण्याचे पाणी, बिस्किटे, मेणबत्त्या, चटया, औषधे आणि कपडे. कपडे इतके आले की ते ठेवायला जागा पुरेना. आम्ही एका शाळेच्या सभागृहात ते उतरवून घेतले, आणि पुढचे नऊ दिवस आमच्या संस्थेच्या चार बायका तो ढीग उपसत होत्या. धड कपडे एकीकडे, फाटके दुसरीकडे, लहान मुलांचे तिसरीकडे. ओल्या गाठोड्यांना कुबट वास सुटला होता, आणि त्या वासाने एकीला सारखा खोकला येत होता. नाकाला पदर बांधून त्या रात्री अकरापर्यंत बसत. त्या चौघींपैकी दोघींची स्वतःची घरे पाण्यात होती. त्यांच्या भिंतींवर छातीइतक्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ उठलेली होती, आणि त्या घरी जाऊन ती धुण्याऐवजी आमच्याकडे कपडे निवडत होत्या, कारण ट्रक रिकामा करून परत पाठवायचा असे. इतक्या ट्रकांमधून इतक्या वस्तू आल्या. या चौघींना आठ दिवसांची भरपगारी रजा मिळावी, त्यांच्या जागी मजुरीवर माणसे घ्यावीत, यासाठी काही देता येईल असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. देणाऱ्यांच्या मनात आले नाही हे समजण्यासारखे आहे. आमच्याही मनात आले नाही, याची मला आज जास्त खंत वाटते.

मराठीत यासाठी एक म्हण तयार आहे. सामाजिक काम करणाऱ्याला घरचे लोक म्हणतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतोस? म्हण टोमणा म्हणून वापरली जाते, पण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे आणि ते फारसे कोणी उकलून पाहत नाही. भाकऱ्या भाजणाऱ्याच्या घरी खायला आहे, असे ती धरून चालते. एके काळी ते बहुतांशी खरेही होते. सामाजिक कामात उतरणारा माणूस शिक्षक असे, वकील असे, शेतीवाडीचा असे, किंवा त्याच्या घरात दुसरे कोणी कमावते असे. आज आमच्यासारख्या संस्थांत काम करणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्यांच्यातल्या अनेकजणी एकट्या घर चालवतात, आणि पुष्कळशा त्याच वस्तीतून आलेल्या आहेत जिथे संस्था काम करते. त्यांच्या घरचे खाणे या कामाच्या पगारातूनच येते. अशा वेळी पगार तुटपुंजा ठेवला किंवा लांबवला, तर त्याचा अर्थ इतकाच होतो की ज्यांच्या घरी आधीच आहे त्यांनीच समाजकार्य करावे, आणि ज्यांना दुःखाची भाषा जन्मापासून कळते त्यांनी दुसरीकडे कुठे तरी नोकरी शोधावी. दारूड्या नवऱ्याच्या घरात राहून पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई समुपदेशनाच्या खोलीत समोरच्या बाईला जे देऊ शकते, ते कुठल्याही पदवीने येत नाही. तिला कामावर टिकवणे हा म्हणूनच दयेचा प्रश्न नाही. कामाच्या दर्जाचा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात. त्यांचे म्हणणे असे की, सेवा पगाराने होत नाही, ती त्यागाने होते. महाराष्ट्राचे सामाजिक कार्य ज्यांनी उभे केले त्यांनी रजा आणि वेतनश्रेणी मागितली नव्हती. हा आक्षेप मी हलका मानत नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि त्यातच १० मार्चला त्यांचे निधन झाले. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. ही उदाहरणे आपल्या अंतःकरणात कायम राहिली पाहिजेत. पण एका असामान्य व्यक्तीने स्वेच्छेने दिलेले आणि एका संस्थेने आपल्या कर्मचाऱ्याकडून गृहीत धरलेले, या दोन गोष्टी एक नव्हेत. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले याचा आदर करायचा असेल, तर पुन्हा कोणत्याही बाईवर संस्थेसाठी मंगळसूत्र मोडायची पाळी येऊ नये इतकी व्यवस्था आपण करायला नको का?

शिवाय त्यागाची जी परंपरा आपण सांगतो, तिच्या आतला व्यवहार आपण नीट पाहिलेला नाही. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिने आजीव सदस्यांची पद्धत घातली. आजीव सदस्याने २० वर्षे सेवा करायची आणि महिन्याला फार तर ७५ रुपये घ्यायचे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी हे बंधन स्वीकारले आणि १९०२ मध्ये निवृत्त होताना त्यांना अल्पसे निवृत्तिवेतनही मिळाले. सरकारी महाविद्यालयात मिळू शकणाऱ्या पैशाच्या मानाने ही रक्कम फार कमी होती, तेव्हा त्याग निःसंशय होता. परंतु त्या त्यागाला मुदत होती, त्याचा आकडा ठरलेला होता, तो आकडा दर महिन्याला हाती पडत होता आणि शेवटी म्हातारपणाची काही सोय होती. १९०५ मध्ये गोखल्यांनीच भारत सेवक समाज काढला, तेव्हाही सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही हे व्रत घालताना, त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जबाबदारी संस्थेने घेतली. धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याचा आश्रम वाढवला तो फर्ग्युसनमध्ये गणित शिकवण्याची नोकरी सांभाळून. १८९१ पासून १९१४ पर्यंत ती नोकरी त्यांना होती. आपण या माणसांचा त्याग तेवढा उचलला आणि त्याच्या पायाखालची तरतूद मात्र विसरलो. आमच्या ताईंना ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार आणि पंधरा वर्षांनंतर हाती काही रक्कम मिळावी असे मी म्हणतो, तेव्हा मी काही नवे मागत नाही, आगरकर-गोखल्यांच्या पिढीने स्वतःला जे आवश्यक मानले तेच मागतो आहे.

आपल्या भाषेनेही यात हातभार लावला आहे. संस्थेत काम करणाऱ्याला आपण ‘कार्यकर्ता’ म्हणतो, ‘कर्मचारी’ म्हणत नाही. त्याला मिळते ते ‘मानधन’ असते, ‘वेतन’ नसते. कार्यकर्ता हा फार चांगला शब्द आहे आणि तो जाऊ नये असे मला वाटते. पण कर्मचारी म्हटले की कामाचे तास, रजा, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे आपोआप मागे येते, आणि कार्यकर्ता म्हटले की त्यातले काहीच येत नाही. मानधनाचेही तेच. अंगणवाडी सेविका हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तेव्हापासून गावोगावच्या बायका मानधनावर काम करत आल्या. त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ ४७ वर्षांनी, सांगावे लागले. मानधन या शब्दात मान आहे आणि धन आहे. प्रत्यक्षात मानाच्या नावाखाली धन कमी करायची सोय झाली. आणखी एक गोष्ट. आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई समुपदेशकाला ‘ताई’ म्हणते, आणि ते योग्यच आहे, कारण ‘मॅडम’पुढे कोणी रडत नाही. पण ताईला कार्यालयीन वेळ नसते. ताईचा फोन रात्री साडेअकराला वाजतो, सणाच्या दिवशी वाजतो, आणि तिने तो उचलला नाही तर नात्यात कसूर झाल्यासारखे दोघींनाही वाटते.

या फोनचा परिणाम काय होतो ते सांगतो. कुटुंब सल्ला केंद्रातल्या समुपदेशकाने दिवसाला चार-पाच प्रकरणे ऐकली, तर त्यातली दोन तरी मारहाणीची असतात. ऐकणे हे काम बाहेरून सोपे दिसते. पण समोरच्या बाईच्या दंडावरचे वळ बघत, तिच्या मुलाला कोपऱ्यात खेळवत, तिचा नवरा बाहेर दारात उभा आहे हे ध्यानात ठेवत, पोलीस ठाण्याला कधी कळवायचे याचा विचार करत ऐकायचे असते, आणि ती गेल्यावर पाच मिनिटांत पुढची बाई आत येते. ताई संध्याकाळी घरी गेल्यावर तासभर कोणाशी बोलत नाहीत, हे मला त्यांच्या मुलाने सांगितले. काही महिन्यांनी त्यांचे बोलणे तुटक होऊ लागले. एकदा एका बाईला त्या म्हणाल्या, “तुम्ही परत त्याच्याकडेच जाणार आहात ना, मग मला कशाला सांगता?” आणि लगेच स्वतःच दचकून गप्प झाल्या. त्या बाई पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. ताईंची ती कठोरता नव्हती. त्या करपल्या होत्या. तवा तापलेला आणि भाकरी उलटायला कोणी नाही, अशी ती अवस्था असते.

जगात या अवस्थेला बर्नआउट असे नाव आहे, आणि ते नाव कुठून आले हे फार बोलके आहे. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द शास्त्रीय चर्चेत आणला, तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांची, आणि स्वतःचीही, अवस्था पाहून. म्हणजे या थकव्याची पहिली ओळख मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांमध्ये झाली नाही, ती सेवाभावाने राबणाऱ्यांमध्ये झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद घेताना तो आजार म्हणून नोंदवला नाही, तर कामाच्या जागचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ताईंमध्ये काही कमी नव्हते. आम्ही त्यांचे काम ज्या पद्धतीने रचले होते त्यात कमी होते.

आणि तोटा फक्त ताईंचा नसतो. समुपदेशक सोडून गेली की तिच्याकडच्या प्रत्येक बाईला आपली कहाणी नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. जी गोष्ट तिने मोठ्या मुश्किलीने एकदा उच्चारली, ती पुन्हा उच्चारायची ताकद तिच्यात नसते. फाईल बंद होते. आमच्या अहवालात ते प्रकरण ‘पाठपुरावा बंद’ या रकान्यात जाते आणि तो रकाना कोणी वाचत नाही. देणगीदाराला वाटते की आपला रुपया थेट गरजूपर्यंत पोहोचावा. परंतु अशा कामात गरजूपर्यंत जे पोहोचते ते माणूसच असते. आमच्या सल्ला केंद्रात वाटायला वस्तू नाहीतच. एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि ऐकणारी बाई. तिचा पगार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणायचा, तर मग प्रत्यक्ष कार्य कशाला म्हणायचे, माठाला?

कायद्याच्या बाबतीतही इथे गैरसमज खूप आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, ही कडक तरतूद आहे आणि तिने लहान संस्थांचे हाल झाले. तरीसुद्धा त्या कायद्याच्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार प्रशासकीय धरलेला नाही, कारण तेच तिथले काम आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. तिथे ५ टक्क्यांची जी मर्यादा सांगितली जाते, ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चाची आहे. पण कित्येक अधिकारी तीच मर्यादा संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावतात आणि समोरचा कोषाध्यक्ष, अनुदान हातचे जाईल या भीतीने, मान डोलावतो. मीही डोलावली आहे. पगाराचा आकडा निम्मा दाखवून उरलेले ‘प्रशिक्षण’ आणि ‘भेटी’ अशा नावांखाली बसवणे हा खेळ सर्वत्र चालतो. त्यात खोटे बोलायची सवय लागते, आणि खऱ्या पगाराचा आकडा देणाऱ्याला कधी कळतच नाही.

देणाऱ्यांचा अविश्वास निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. विश्वस्त, त्याची बायको, त्याचा मेहुणा आणि दारात उभी गाडी, एवढीच संस्था असलेली मंडळी आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. त्यांच्यामुळे ‘पगारावर काही खर्च होत नाही’ हे वाक्य प्रामाणिकपणाचा दाखला बनले. पण चोरीवरचा उपाय पगार लपवणे हा असू शकत नाही. उलट तो उघडा करणे हाच आहे. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जातो तो जातोच, पण त्याशिवाय प्रत्येक संस्थेने आपल्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर सर्वांत मोठा पगार किती, सर्वांत लहान किती, विश्वस्तांच्या नात्यातले कोणी पगारी आहे काय, आणि गेल्या वर्षात पगार किती वेळा उशिरा झाला, या चार गोष्टी लिहून लावाव्यात. चौथी गोष्ट लिहायला आम्हांला सर्वांत जास्त धैर्य लागले.

दुसरे काही जण म्हणतात की हे सगळे सरकारचे काम आहे, लोकांनी का करावे? ते सरकारचेही काम आहे यात शंका नाही. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ता बसवला, आणि पुढे राज्य शासनाने ते काम स्वीकारून राज्यभर नेले. हाच मार्ग योग्य आहे. पण शासन एखादे काम उचलेपर्यंत आणि उचलल्यानंतर अनुदान वेळेवर येईपर्यंत मधले महिने कोण काढते? ते आजवर ताईंनी काढले आहेत, आपल्या घरच्या डब्यातून. दान मुख्यतः त्या मधल्या महिन्यांसाठी हवे.

कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य म्हटले की हल्ली एक दिवसाचे शिबिर घेतात. सकाळी योगासने, दुपारी प्रेरक व्याख्यान, संध्याकाळी गटाचे छायाचित्र. त्यात वाईट काही नाही, पण सोमवारी सकाळी तीच पाच प्रकरणे आणि तोच थकलेला पगार समोर असेल, तर त्या शिबिराने काय साधले? माझ्या अनुभवात स्वास्थ्य फार साध्या गोष्टींनी येते : पगार ठरल्या तारखेला होणे, रजेवर जाताना बदली माणूस असणे, रात्री उशिरा घरी जायचे तर रिक्षाचे भाडे संस्थेने देणे, फोन आळीपाळीने सांभाळणे, आणि आठवड्यातून तासभर कोणा अनुभवी माणसापुढे आपल्या मनात साचलेले बोलता येणे. या शेवटच्या गोष्टीविषयी थोडे अधिक लिहायला हवे. समाजकार्य महाविद्यालयात विद्यार्थी क्षेत्रकार्याला जातो तेव्हा दर आठवड्याला त्याचे मार्गदर्शक त्याला समोर बसवून विचारतात, काय पाहिलेस, काय वाटले, कुठे अडलास. मुंबईत १९३६ पासून आणि पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणी १९६३ पासून हे शिक्षण चालू आहे, आणि तो आठवड्याचा तास त्या शिक्षणाचा कणा मानला जातो. विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागला की त्याच्यावरचे ओझे दसपट होते आणि नेमका तो तास बंद होतो! पुढची वीस वर्षे त्याला कोणी विचारत नाही. मन अगदीच भरून आले तर १४४१६ या शासकीय टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते, आणि आम्ही तो क्रमांक भिंतीवर लावला आहे; परंतु तो संकटातला आधार आहे, रोजच्या कामातली सोबत नव्हे.

ती सोबत समाज देऊ शकतो, आणि इथे मला दातृत्वाचा अर्थ पैशांपुरता ठेवायचा नाही. आमच्या गावात निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, मनोविकारतज्ज्ञ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले हिशेबनीस आहेत. एका निवृत्त प्राध्यापिकेने गेली दोन वर्षे दर गुरुवारी दुपारी येऊन आमच्या ताईंबरोबर तो एक तास बसायचे व्रत घेतले आहे, आणि माझ्या दृष्टीने आजवर संस्थेला मिळालेली ती सर्वांत मोठी देणगी आहे. तिची पावती फाडता येत नाही. एका बँक अधिकाऱ्याने अनुदानाची कागदपत्रे भरायचे काम अंगावर घेतले आणि ताईंचे महिन्याचे चार दिवस मोकळे झाले. गल्लीतल्या खानावळीच्या मालकिणीने मात्र मला सर्वांत जास्त शिकवले. त्या दर सोमवारी निवाऱ्यातल्या बायकांसाठी पोळ्या पाठवत. एकदा त्यांनी डबा परत न्यायला आल्यावर दुपारी साडेचारला ताईंना पहिला घास घेताना पाहिले, मांडीवर रजिस्टर आणि त्यावर डबा. दुसऱ्या सोमवारपासून पोळ्यांबरोबर कर्मचाऱ्यांसाठी वेगळा डबा येऊ लागला आणि त्याबरोबर निरोप : “एक वाजता जेवायचं, मी विचारीन.” त्या खरोखर विचारतात.

पत्रकावरची ती ओळ आम्ही काढून टाकली. तिच्या जागी आता लिहिलेले असते की, आपल्या देणगीचा मोठा भाग काम करणाऱ्या माणसांच्या पगारावर, रजेवर आणि भविष्यनिर्वाहावर खर्च होतो, कारण हे काम माणसेच करतात. बैठकीत दोन विश्वस्तांनी विरोध केला, देणग्या आटतील असे म्हणाले. पहिल्या वर्षी काही नेहमीचे देणगीदार खरोखरच गेले. एका व्यापाऱ्याने स्पष्ट सांगितले की मी धान्य देईन, पगार देणार नाही, आणि त्यांचे धान्य आम्ही आदराने घेतो. पण पावतीपुस्तकात आम्ही ‘रजा व बदली निधी’ असा वेगळा रकाना उघडला, तेव्हा त्यात पहिली रक्कम भरली ती एसटीतून निवृत्त झालेल्या एका वाहकाने. पाचशे रुपये देऊन त्यांनी विचारले, “ताई रजेवर गेल्या तर त्यांच्या जागी कोण बसणार, ते ठरलंय का?” तीस वर्षे पाळ्यांत काम केलेल्या माणसाला पहिल्यांदा बदलीचीच आठवण झाली, आणि आमच्यापैकी एकाही विश्वस्ताला ती झालेली नव्हती.

त्या निधीतून मागच्या मे महिन्यात ताईंना सलग पंधरा दिवसांची रजा देता आली. बदलीवर मिरजेहून एक समुपदेशक आल्या, त्यांना दोन दिवस आधी बोलावून सगळी प्रकरणे समजावून दिली आणि ताईंचा फोन कार्यालयात ठेवून घेतला. ताई माहेरी गेल्या. परत आल्यावर पहिले दोन दिवस त्यांनी फक्त रजिस्टर वाचले. आमच्या निवाऱ्याच्या स्वयंपाकीण मावशी मात्र अजून रोजंदारीवरच आहेत. अकरा वर्षे झाली, एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात, आणि त्यांच्या गुडघ्यांना आता उभे राहवत नाही. येत्या मार्चच्या अंदाजपत्रकात त्यांच्या पगाराची ओळ मी सर्वांत वर लिहिली आहे, आणि बैठकीत तिच्यावर पहिली चर्चा व्हावी असा आग्रह धरणार आहे.